सरांच्या पेटीचं माप

सर माझ्या दुकानात आले तेव्हा मी एका गिऱ्हाइकावर ओरडत होतो. त्याला दाराची चौकट हवी होती आणि माप म्हणून त्यानं काथ्याचा एक तुकडा आणला होता. काथ्या ओढला की लांब होतो, सोडला की आखडतो. दार ओढलेल्या काथ्याएवढं करू की सोडलेल्या, असं मी विचारत होतो. तो म्हणाला, "मधलं कर." जव्हारमध्ये सुतारकाम करणाऱ्या माणसाचा रक्तदाब का वाढतो, हे डॉक्टरला सापडत नाही. मला सापडलेलं आहे.

तो माणूस जाईपर्यंत सर बाकावर शांत बसले. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला आलेख कागद काढला आणि माझ्यापुढे उलगडला. पेन्सिलीनं काढलेली आकृती होती. कोन कोनमापकानं घेतलेले, रेघा टोकदार, खाली कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं. लांबट षट्कोन होता, खांद्याशी रुंद आणि पायाकडे निमुळता.

"हे काय, सर?"

"पेटी."

"कसली?"

"माझी," सर म्हणाले. "लांबी आणि उंची लिहिली आहे. रुंदी तू घे. स्वतःचं माप स्वतः घेतलं की चुकतं."

सरांच्या पोटात गाठ निघाली होती. ते नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आले होते आणि आता कापून उपयोग नाही असं तिथं सांगितलं होतं. हे सगळं त्यांनी मला घटक चाचणीचा निकाल वाचून दाखवावा तसं सांगितलं. किती दिवस, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "सहा महिने म्हणतात, वर्षही म्हणतात. एवढी मोठी इमारत आहे, पण नक्की आकडा एकाला सांगता येत नाही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "साग लावू?"

"साग मातीत घालणं पाप आहे. आंबा लाव."

"आंब्याला भुंगा लागतो, सर."

"लागू दे. मला काय वेगळं होणार आहे?"

पेटीची घाई का, ते त्यांनी मग सांगितलं. आमच्या भागात पेटी तयार मिळत नाही. नाशिकहून नाहीतर वसईहून आणायची म्हणजे फोन करा, गाडी ठरवा, गाडी घाटात अडकली की परत फोन करा. वेळ येईल तेव्हा हे सगळे फोन बाईंना करावे लागतील. बाई म्हणजे सरांची बायको. उपकेंद्रात नर्स होत्या, अख्ख्या पट्ट्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. "त्या दिवशी तिनं फक्त रडायचं," सर म्हणाले. "दुसरं एकही काम तिला लावायचं नाही. आणि हे तिला आत्ता कळता कामा नये."

नर्सपासून मरणाची तयारी लपवायची, ही कल्पना गणिताच्या शिक्षकालाच सुचू शकते. मी मान हलवली.

सर आमच्या आश्रमशाळेत आले तेव्हा मी सातवीत होतो. ते नगरकडचे. एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि एक गोणी होती. गोणी उचलायला पुढे झालेला हमाल गोणीसकट वर आलाच नाही. त्यानं पुन्हा एकदा जोर लावला आणि मग गोणीकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याला शिवी दिली. सरांनी ती एका हातात घेतली, दुसऱ्या हातात ट्रंक घेतली आणि वळकटी काखेत मारून शाळेची वाट विचारली. गोणीत डंबेल्स होते. शाळेत बातमी अशी पोचली की नवीन मास्तर ऐरण घेऊन आलाय.

ते गणित आणि शारीरिक शिक्षण शिकवायचे. शर्टाची बाही त्यांच्या दंडावर इतकी घट्ट बसायची की फळ्यावर वर्तुळ काढताना आम्ही सगळे वर्तुळाकडे न बघता शिवणीकडे बघायचो. ती कधी उसवली नाही. आम्ही वर्षभर वाट पाहिली.

वजनं विकत आणणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी डालड्याच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट भरून मध्ये पाइप रोवले. रेशन दुकानाच्या काट्यावर प्रत्येक डबा जोखला आणि त्यावर रंगानं वजन लिहिलं. एका डब्यावर दहा लिहायचं ठरलं होतं, तो भरला दहा किलो दोनशे ग्रॅम. दुकानदार म्हणाला, "दहाच लिवा मास्तर, कोण बघतंय." सरांनी दहा पूर्णांक दोन दशांश असं लिहिलं, आणि तो डबा शेवटपर्यंत त्याच नावानं ओळखला गेला. पोरं एकमेकांना ओरडून सांगायची, "ए, तो पूर्णांकवाला दे."

सर गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळकही होते. पगारी नव्हे. त्यांच्या घराला लागून पत्र्याचा एक लांबडा हॉल होता. सोमवार ते शनिवार तिथं व्यायामशाळा आणि रविवारी उपासना. आडवं पडून वजन उचलायचा जो बाक होता, तो रविवारी पुसून पहिल्या रांगेत लावला जायचा आणि त्यावर मंडळीतल्या म्हाताऱ्या बाया बसायच्या. सरांचं प्रवचन दहा मिनिटांत आटपायचं. तीन मुद्दे, प्रत्येक मुद्दा तीनदा, मध्ये थोडी विश्रांती. बाहेरून आलेल्या एका मोठ्या पाळकांनी त्यांना विचारलं की एवढ्या थोडक्यात लोकांच्या मनावर परिणाम कसा होणार. सर म्हणाले, "जास्त केलं तर दुसऱ्या दिवशी दुखतं."

त्यांनी स्पर्धाही केल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी एका स्पर्धेत ते दुसरे आले आणि पेपरात फोटो छापून आला. अंगाला तेल, कमरेला चड्डीएवढं कापड, बाकी सर. मंडळीतले दोन जाणते लोक तो पेपर घेऊन घरी आले. पाळकानं असं उभं राहावं का, असा त्यांचा प्रश्न होता. सरांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "घर देवाचं आहे, मी भाडेकरू. झाडून-पुसून ठेवतो, इतकंच." जाणते लोक चहा पिऊन गेले. जाताना त्यांतल्या एकानं पेपर परत मागितला, त्याला तो घरी न्यायचा होता.

या सगळ्यात घरचा वेळ मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जाऊ दिला नाही. बाई पहाटेच कुठल्या तरी पाड्यावर बाळंतपणाला गेलेल्या असायच्या, म्हणून दोन्ही पोरींच्या वेण्या सर घालायचे. कवायतीला ते कधी कधी रिबिन दातात धरून यायचे, शिट्टी वाजवता यायची नाही, मग हातानंच सावधान-विश्राम चालायचं. सासूबाई त्यांच्याकडेच होत्या, पायानं अधू. सर रोज सकाळी त्यांना खाटेसकट उचलून ओट्यावर उन्हात ठेवायचे आणि संध्याकाळी आत न्यायचे. याला ते पहिला सेट आणि शेवटचा सेट म्हणायचे. सासूबाई खाटेवर माळ ओढल्यासारखं काहीतरी पुटपुटत असायच्या. मला वाटायचं प्रार्थना आहे. जवळ गेल्यावर कळलं की त्या जावयाला सांगत होत्या, "हळू रे, हळू, मी काय डबा हाय का."

शाळेला पाहुणे येवोत नाहीतर साहेब येवोत, साडेपाचला सर घरी. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यांना थांबायला सांगितलं. सर म्हणाले, "साहेब, सासूबाई बाहेर आहेत." साहेबांना वाटलं त्या शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या आहेत, त्यांनी शिपायाला खुर्ची घेऊन पाठवलं.

मी त्यांच्या मंडळीतला नाही. आमच्या घरात हिरवा देव आणि वाघोबा. सरांनी मला कधी उपासनेला ये म्हटलं नाही. व्यायामाला ये म्हटलं, पण तिथंही मी दोन महिन्यांच्या वर टिकलो नाही. तरी माझ्यावर त्यांचं लक्ष होतं. दहावीला मी गणितात दोनदा आपटलो. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी मी शाळेमागच्या जांभळीखाली बसलो होतो, बापाबरोबर भिवंडीला कामाला जायचं ठरवून. सर आले, शेजारी बसले. म्हणाले, "तुझ्या डोक्याला गणित येत नाही, पण हाताला येतं. मी तुझी भूमितीची आकृती पाहिली आहे. तर मग हाताला शिकायला घालू." आणि त्यांनी मला आयटीआयमध्ये सुतारकामाला घातलं. फॉर्म त्यांनी भरला, पालकाच्या जागी सहीही त्यांनीच केली, कारण बाप वीटभट्टीवर होता. माझ्या हातचं पहिलं काम म्हणजे एक स्टूल. मी ते घेऊन त्यांच्याकडे गेलो. सर त्यावर बसले. नुसते बसले नाहीत, दोन्ही हातांत डंबेल्स घेऊन बसले. स्टूल करकरलं. मग म्हणाले, "धरतंय." इतक्या वर्षांत माझ्या कामाला कुणी यापेक्षा मोठी शाबासकी दिली नाही आणि मला ती नकोही आहे.

तर अशा माणसाच्या पेटीचं माप मला घ्यायचं होतं.

मला पेटी करायची कशी तेच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे जाळतात. मी शिंप्यासारखा टेप त्यांच्या छातीभोवती गुंडाळायला गेलो. सर म्हणाले, "घेर नको, रुंदी. मला आत आडवं घालणार आहेस, शर्ट शिवणार नाहीस." मग मी प्लायवूडची एक शीट भिंतीला टेकवली आणि त्यांना तिला पाठ लावून उभं केलं. दोन्ही हात अंगासरशी. गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, दंडाला लावायचा, पेन्सिलीनं खूण करायची, मग दुसऱ्या बाजूला तेच. दोन खुणांमधलं अंतर ती रुंदी. दोन मिनिटांचं काम.

सर वाळले होते. शर्टाची बाही आता दंडावर हलत होती. मी ते आल्यापासून पाहत होतो आणि पाहत नसल्यासारखं करत होतो.

मी गुण्या घेऊन जवळ गेलो आणि सरांनी श्वास घेतला. साधा श्वास नव्हे. छाती वर आली, पाठीचे दोन्ही पंखे उघडले, दंड अंगापासून बाहेर गेले आणि मान ताठ झाली. स्पर्धेत स्टेजवर उभं राहताना ते तसं करायचे, आणि हॉलमध्ये पोरांना तसं करून दाखवायचे. त्यांनी ते मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. ज्या माणसाचं आयुष्यभर कुणी ना कुणी माप घेतलं, त्याचं अंग टेप दिसला की आपोआप फुगतं. दुसऱ्या कुणी पेटीचं माप देताना श्वास रोखला नसता.

"सर, श्वास सोडा," एवढंच मला म्हणायचं होतं. चार शब्दही नाहीत. काथ्याचं माप आणणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढणारा मी, आणि माझ्या तोंडून हे निघेना. त्यांच्या मानेची शीर फुगली होती, चेहरा लाल झाला होता, आणि मला दोन्ही बाजूंच्या खुणा करायला नेहमीपेक्षा जास्तच वेळ लागला. ते थांबले. दुसरी खूण झाली तेव्हा त्यांनी श्वास सोडला, मग खूप वेळ खोकले आणि बाकावर जाऊन बसले. मी पाणी दिलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चोवीस इंच."

"साठ पूर्णांक शहाण्णव शतांश सेंटिमीटर," सर म्हणाले, आणि ओठ पुसले. "म्हणजे फारसं कमी झालेलं नाही."

"नाही, सर."

मी चोवीस लिहून घेतलं. चुकीचं माप जाणूनबुजून लिहिण्याची माझ्या धंद्यातली ती पहिली वेळ.

काम मी लांबणीवर टाकलं. आंबा ओला आहे, बिजागऱ्या आल्या नाहीत, वीज नाही. वीज नसण्याचं कारण आमच्याकडे बहुतेक वेळा खरंच असतं, त्यामुळे माझं फावलं. खरी गोष्ट अशी की पेटी तयार झाली नाही तर सरांना जाता येणार नाही असं मला वाटत होतं. हे मी कुणाला बोललो नाही, बोललो असतो तर लोकांनी मलाच भगताकडे नेलं असतं. पण वाटत होतं. रंधा मारताना वाटत होतं, खाचा पाडताना वाटत होतं.

दुकान रस्त्यावर, त्यामुळे येणारा-जाणारा विचारायचा. मी सांगायचो, धान्याची कोठी आहे. वावर गावाकडचा एक म्हातारा फळ्यांभोवती दोनदा फिरला.

"ही खांद्याशी रुंद कशाला रे?"

"नाचणी वरच्या अंगाला जास्त राहते, बाबा."

त्यानं विचार केला. "बरोबर हाय," तो म्हणाला. "माना पण अशीच एक करून दे." पुढं कितीतरी दिवस तो दर बाजाराला येऊन त्याची कोठी कधी होणार ते विचारत होता.

शाळेला सुट्टी लागली तेव्हा सर काम बघायला आले. पूर्वी मोटरसायकलवर यायचे, आता एसटीनं आले आणि स्टँडपासून दुकानापर्यंत दोन ठिकाणी बसत आले. तळ आणि डोक्याकडची बाजू तयार होती, बाजूच्या फळ्या नुसत्या टेकवून ठेवल्या होत्या, ठोकल्या नव्हत्या. सरांनी कंपासपेटी आणली होती. कोनमापक लावून प्रत्येक कोपरा तपासला. पायाकडच्या एका कोनात दीड अंशाचा फरक निघाला आणि त्यांनी पेन्सिलीनं तिथं फुली मारली, जशी वहीत मारायचे. मग आतली रुंदी मोजली. चोवीस.

ते वाकले होते आणि त्यांची पाठ माझ्याकडे होती. शर्टातून पाठीचे मणके मोजता येत होते. त्या पाठीला चोवीस इंचांत किती जागा उरेल, हे मला न मोजता दिसत होतं. धंद्यातली नजर आहे, ती बंद करता येत नाही.

"सर," मी म्हणालो, "अजून ठोकलेलं नाही. म्हणाल तर थोडं कमी करता येईल. परत एकदा माप घेऊ का?"

सर सरळ झाले. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं, पण नव्हता आला.

"कशाला? आता जेवण जातंय. भाकरी, कुळीथ, अंडीसुद्धा जातात. वजन वर चाललंय. हळूहळू जातंय, पण वरच जातंय." त्यांनी दोन्ही हात बाजूच्या फळ्यांवर ठेवले. "पाऊस संपेपर्यंत अंग भरेल."

स्वतःची पेटी तपासायला आलेला माणूस मला सांगत होता की अंग भरेल. आणि मी त्यांचा विद्यार्थी, मी म्हणालो, "हो सर, भरेल." ते गेल्यावर मी फळ्या ठोकल्या. चोवीसला ठोकल्या. दीड अंशाचा कोन तेवढा दुरुस्त केला. नंतर मागच्या खोलीत जाऊन मी रडलो, आणि बाहेर गिऱ्हाईक आलं म्हणून त्याच्यावर ओरडत बाहेर आलो.

भात कापणीला आलं तेव्हा सर गेले. सकाळी फोन वाजला. बाईंचा होता.

"गेले रे," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पेटी घेऊन ये. आतल्या खोलीत वळण आहे, तिथून वळणार नाही. अंगणात ठेवू."

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. पेटी कसली, असं विचारायचीही सोय नव्हती. सरांनी मला एकच गोष्ट लपवायला सांगितली होती आणि ती किती दिवसांपासून उघडी होती, हे मला आजही माहीत नाही. पण फोन बाईंना करावा लागला तो एकच, आणि पिकअप जव्हारहून निघून तासाभरात त्यांच्या अंगणात होती. सरांचं म्हणणं तेवढं तरी खरं झालं.

माणसं खूप होती. मंडळीतली होती, शाळेची होती, व्यायामाची पोरं होती, त्यांतली काही आता टक्कल पडलेली. आसपासच्या पाड्यांवरचे शेतकरी कापणी टाकून आले होते, विळे कमरेलाच. दोन्ही पोरी नाशिकहून आल्या होत्या आणि आईच्या दोन बाजूंना बसल्या होत्या, त्यांच्या वेण्या त्यांनी स्वतः घातलेल्या. सरांना आणून पेटीत ठेवलं तेव्हा सगळ्यांना दिसलं. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरली होती. मोठ्या भावाचा कोट घातलेल्या पोरासारखे दिसत होते सर. एक जाणता माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याच्या नजरेतलं समजत होतं: एवढा नावाजलेला सुतार, आणि माप घेता येत नाही. मी पांढरी चादर ओढली, झाकण ठेवलं आणि स्क्रू पिळले. मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मान वर करायची लाज वाटत होती, तिथं सुचणार काय.

माती द्यायची जागा खाली ओहोळाजवळ. वाट उताराची, भाताच्या बांधावरून जाणारी. खांद्याला व्यायामाची पोरं होती, ताकदीला कमी नव्हती. पण उतार लागला, पुढची बाजू खाली झाली, आणि पेटीत सर सरकले. आवाज झाला. हलका, पण झाला. पुढं बांध डावीकडे वळला आणि ते डावीकडे गेले. मग उजवीकडे. प्रत्येक वळणाला आतून लाकडावर खांदा टेकल्याचा आवाज येत होता, आणि गाणारी मंडळी प्रत्येक वेळी अर्धा शब्द गिळत होती. मला वाटलं भुई फाटावी. ज्यांच्या अंगाला आयुष्यभर कुणी हलवू शकलं नाही, ते माझ्या पेटीत धान्यासारखे हलत होते.

"थांबा," बाई म्हणाल्या.

पोरं थांबली. बाईंनी पेटी बांधावर खाली ठेवायला लावली आणि मला हाक मारली. "उघड."

"बाई, आथा नका उघडू, रस्त्यात," मागून कुणीतरी म्हणालं.

"उघड," बाई मला म्हणाल्या.

मी स्क्रू काढले. बाईंनी चादर बाजूला केली आणि सरांना दोन्ही हातांनी धरून बरोबर मध्ये आणलं, सराईतपणे, पेशंट कडेला सरकला तर सरकवतात तसं. मग त्यांनी न बघता मागे हात केला. एकानं खांद्यावरचा टॉवेल दिला. दुसऱ्यानं दिला. शेतकऱ्यांनी डोक्याचे रुमाल सोडले. एका पोरानं शर्ट काढला, मग सगळ्यांनीच काढले. बाई एकेक घडी घालून सरांच्या दोन्ही बाजूंना खोचत होत्या. खांद्याशी, कोपराशी, कमरेशी. पोरी घड्या करून देत होत्या. मी झाकण धरून उभा होतो.

"माप देताना श्वास धरला होता ना त्यांनी?" बाईंनी खालीच बघत विचारलं.

"हो, बाई."

"लग्नाच्या कोटाचंही असंच झालं होतं. शिंप्यापुढे छाती काढून उभे. लग्नाच्या आदल्या दिवशी मी दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली." त्यांनी एक रुमाल सरांच्या मानेशी सारला. "तुझ्या लक्षात आलं नव्हतं?"

"आलं होतं. खूण करतानाच आलं होतं." मग मला राहवलं नाही. "मी नंतर विचारलंही होतं, बाई. कमी करू का म्हणून. सर म्हणाले, वजन वाढतंय. मला खोटं पाडवेना त्यांना. माझी चूक आहे. मी चुकीचं माप लिहिलं."

बाईंचे हात थांबले. मला वाटलं आता त्या मला सगळ्यांसमोर बोलणार, आणि बोलल्या असत्या तर मला बरंच वाटलं असतं.

"मी पण," बाई म्हणाल्या.

मला कळलं नाही.

"दर रविवारी उपासनेच्या आधी त्यांना काट्यावर उभं करायची. आकडा मी वाचून दाखवायची. दर वेळी थोडा वाढवून." शेवटचा शर्ट त्यांनी घडी घालून सरांच्या उजव्या दंडाशी घट्ट बसवला आणि हातानं दाबून पाहिलं, हलतंय का ते. हललं नाही. "डब्यावरचे दोनशे ग्रॅम न सोडणारा माणूस. एकदासुद्धा खाली काट्याकडे बघितलं नाही त्यांनी. माझ्या तोंडाकडे बघत राहायचे."